अकरा आठवड्यांचा रुसवा

विजेच्या घंटा दुरुस्त करण्यात माझी चाळीस वर्षं गेली. एका निवृत्त सेनापतीची घंटा मी इतकी नाजूक करून दिली होती, की बटणावर माशी बसली तरी नोकर धावत येऊन दार उघडायचा आणि माशीला आत या म्हणायचा. खोटं वाटत असेल तर माझ्या धाकट्या बहिणीला विचारा, असं मी पूर्वी म्हणायचो.

नवरा गेल्यावर ती लेकीला घेऊन माझ्याकडे आली आणि दुकानात समोरच्या टेबलावर बसून रिळांना तांब्याची तार गुंडाळू लागली. मी थापा मारायच्या, तिनं खिदळायचं आणि हिसक्यानं तार तुटायची. "दादा, पुरे! आज एकही रीळ धड होणार नाही."

मग एका दुपारी तिनं हसणं बंद केलं. मी सेनापतीची माशी अगदी रंगात आणली होती आणि हिचा वरचा ओठ तेवढा किंचित उचलला गेला, नाक मुरडल्यासारखा. पापण्याही अर्ध्या मिटलेल्या.

"कंटाळा आला वाटतं बाईसाहेबांना?"

"नाही रे, सांग ना," ती नाकातून बोलली. मला वाटलं, मला वेडावून दाखवतेय.

झालं! मी माझं टेबल उचलून आतल्या खोलीत नेलं. अकरा आठवडे तिच्याशी अवाक्षर बोललो नाही. तिच्या हातून रिळं पडायची. जेवताना ती हनुवटीला हाताचा टेकू देऊन घास चावायची. मी मनात म्हणायचो, नाटकं! घंटा वाजली नाही तर आम्ही गिऱ्हाइकाच्या बोटावर आळ घेत नाही, झाकण उघडून बघतो. बहिणीच्या बाबतीत मात्र माझी अक्कल पेंड खायला गेली होती.

शेवटी भाचीनं तिला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि मलाही ओढलं. "मामा, तुझा रुसवा या बाकावर ठेव नि आत चल."

माझा धंदा ऐकून डॉक्टरीणबाईंनी कागदावर स्नायूची पेशी काढली आणि तिच्या कडेवर ठिपके दिले. "ही तुमची बटणं. आम्ही रिसेप्टर म्हणतो. मज्जातंतू एक रसायन सोडतो. ते पेशीत शिरत नाही, बाहेरूनच या बटणावर बसतं. तेवढ्यानं झडप उघडते, क्षारांचे कण आत घुसतात आणि स्नायू आखडतो. तेव्हा कुठे माणूस हसतो."

"मग हिची तार तुटलीय?"

"तार ठणठणीत आहे. निरोपही येतोय. पण शरीराचे पहारेकरीच चुकून बटणं अडवून बसलेत. काही तर त्यांनी उपटून टाकलीत."

"म्हणजे हिला हसायचं होतं?"

"चेहऱ्यानं साथ दिली नाही, एवढंच."

बहीण नाकातून म्हणाली, "माशी आत गेली की नाही, ते राहिलंच."

ते रसायन जरा जास्त वेळ टिकावं म्हणून गोळ्या मिळाल्या. गोळी घेतली की थोड्या वेळानं तिचा चेहरा जागा व्हायचा, तीन-चार तास टिकायचा. मी टेबल परत बाहेर आणलं आणि घड्याळ बघून थापा मारू लागलो. माफी मागायची तेवढी राहिली. थापाड्याच्या तोंडून खरं बोलणं लवकर निघत नाही.

तीन आठवड्यांनी तिच्या छातीत कफ झाला आणि श्वासाचे स्नायूही थकले. तिला यंत्रावर ठेवलं. घशात नळी, चेहरा कोऱ्या पाटीसारखा.

"त्यांना ऐकू येतं हं," नर्स म्हणाली.

मी वाकलो. "बाई गं, मी गाढव आहे. तू हसत होतीस आणि मी अकरा आठवडे वाया घालवले."

चेहऱ्यावर काहीच हाललं नाही. मग डाव्या डोळ्यातून पाणी आलं, कानापर्यंत गेलं.

मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "अश्रूंच्या ग्रंथींना तेच रसायन चालतं, पण त्यांचे रिसेप्टर वेगळ्या जातीचे. ते शाबूत आहेत."

"म्हणजे ती रडली? की हसली?"

"ते नाही सांगता येत. पापण्या पुऱ्या मिटत नाहीत, त्यानंही पाणी येतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. भाचीनं विचारलं, "मामा, आईनं तुझं ऐकलं ना?"

"ऐकलं. माफही केलं," मी म्हणालो.

ही थाप होती की नाही, ते मला अजून माहीत नाही.