पंचफुलाबाईंची मोरी

रुआबांध्यातल्या गल्लीत नवी गटारलाइन आली. भय्याजींच्या घरची भांडी घासायची मोरीही तिला जोडायची ठरली. सकाळी प्लंबर येणार होता. भय्याजींचा जीव मात्र अंगणातल्या लिंबोणीत अडकला होता.

मोरीच्या भिंतीला भोक पाडून त्यांच्या बायकोनं, पंचफुलाबाईंनी, सांडपाणी लिंबोणीला सोडलं होतं. उन्हाळ्यात नळ एकच वेळ यायचा, तरी झाडाला वेगळं पाणी कधी लागलं नाही. पंचफुलाबाई दिवाळीनंतर गेल्या. आता लिंबोणी पिवळी पडली होती. झाडानंही दुःख धरलं, असं भय्याजी समजले आणि मोरीत आणखी बादल्या ओतू लागले. कपड्यांचं पाणी, फरशी पुसल्याचं पाणी, सगळं.

"मामाजी, झाड तसंही जाऊन राहिलं," सून संघमित्रा म्हणाली. "जोडून टाकू मोरी. मच्छर तरी कमी होतील."

त्यात खोटं काही नव्हतं.

संध्याकाळी चौकातली भजेवाली चंदा पत्र्याचा डबा घेऊन दारात आली. पंचफुलाकाकी माझ्या चुलीची राख न्यायच्या, बरेच दिवस आल्या नाहीत, म्हणून डबा भरून आणला, असं म्हणाली. भय्याजींनी तिला बसवलं आणि काय झालं ते सांगितलं. चंदानं राखेचा डबा मोरीपाशी नेऊन ठेवला.

ती गेल्यावर भय्याजींनी विचारलं, राख कशाला लागायची?

"भांडे घासाले," संघमित्रा म्हणाली. "आई मोरीत साबण येऊ देत नव्हत्या. त्या गेल्यावर मीच लिक्विड आणलं." बोलता बोलता तिची नजर पिवळ्या लिंबोणीकडे गेली.

भय्याजी जन्मभर जेवून ताटावरून उठले. ताट पुढे कुठे जातं, ते त्यांनी पाहिलं नव्हतं. साबणाचं पाणी ते झाडाला मायेनं पाजत होते.

सकाळी प्लंबरला त्यांनी न्हाणीघर आणि कपड्यांची मशीन लाइनला जोडायला सांगितली. मोरी राहू दे म्हणाले.

"अन् राखेनं घासंल कोण?" संघमित्रानं विचारलं. "माह्याच्यानं नाही होत, सांगून ठेवते."

"मी घासतो ना."

"तुम्ही?" ती हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं.

दुपारी भय्याजी पंचफुलाबाईंच्या पाटावर बसले. नारळाची शेंडी राखेत बुडवून कढई घासू लागले. संघमित्रा दारात उभी होती.

"खालून बी घासा, मामाजी. आईनं परत घासाले लावली असती."

"लावलीच असती," भय्याजी म्हणाले आणि त्यांनी कढई पालथी केली. राखेचं पाणी भोकातून लिंबोणीकडे निघालं.