संध्याकाळचं माप

तीस वर्षांच्या शिंपीकामात मास्तरांचं पँटचं माप एकदाही चुकलं नव्हतं. त्यामुळे बसचा ड्रायव्हर नवी पँट टेबलावर आपटत म्हणाला, "डावा पाय आवळतोय, मास्तर," तेव्हा ते चांगलेच तापले.

"घाला बघू. माझ्यासमोर घाला."

त्याने घातली. पोटरीवर बोटभर मोकळी होती.

"कुठे आवळतेय?"

"आत्ता नाही हो. संध्याकाळी, ड्यूटी संपताना."

दुसरा कोणी शिंपी असता तर हसला असता. मास्तरांना मात्र स्वतःचा पाय आठवला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या पायात रक्ताची गाठ झाली होती. गोळ्यांनी जिवावरचं निभावलं, पण शिरेतल्या झडपा कायमच्या बिघडल्या, आणि रक्त वर चढायला कुरकुर करू लागलं. दिवसभर कापड कापायला उभं राहिलं की संध्याकाळी पाय सुजून ओंडका व्हायचा. घोट्याजवळची कातडी काळपट पडत चालली होती. डॉक्टरांनी दिलेला घट्ट मोजा मात्र कपाटात घडी न मोडता पडून होता. सांगून सांगून बायकोचं तोंड दुखलं. मास्तर स्वतःसाठी ढगळ पँटी शिवत आणि विषय बदलत.

"संध्याकाळी या," ते एवढंच म्हणाले.

ड्रायव्हर ड्यूटीवरून थेट आला. माप द्यायला त्याने पँट वर ओढली, तर आत गुडघ्यापर्यंत तपकिरी मोजा.

"गाठ झाली होती," तो म्हणाला. "चार वर्षं झाली. मोजा घालूनही थोडी सूज येतेच, पण पूर्वीसारखी नाही."

मास्तरांनी टेप लावली. शिवतानाच्या मापापेक्षा पाऊण इंच जास्त. मग त्यांनी स्वतःची पँट वर केली.

ड्रायव्हर बघतच राहिला. "मास्तर! आणि मोजा कुठाय तुमचा?"

"कपाटात."

"का? कपाटाला सूज आलीय?"

मास्तरांना हसू आवरेना. "चढतच नाही हो. दोनदा प्रयत्न केला. घाम निघाला, मोजा घोट्यावरच."

"जोर लावून नाही चढत. सकाळी उठल्या उठल्या घालायचा, सूज यायच्या आत. टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल सरकवायचं, आणि हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे. पकड येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगाच्या कडेला बसून मास्तरांनी पिवळे हातमोजे चढवले. बायको दारात थबकली.

"अहो, ऑपरेशन कुणाचं?"

"माझ्या हट्टाचं. जरा टाच धर."

दोघांनी मिळून पंधरा मिनिटं झटापट केली. शेवटी मोजा चढला तेव्हा बायको जमिनीवर बसून हसत होती आणि मास्तर पाय हलवून हलवून बघत होते. त्या संध्याकाळी पाय जड झाला, पण ओंडका झाला नाही.

ड्रायव्हरच्या पँटला त्यांनी आतल्या शिवणीत ताणणाऱ्या कापडाची पट्टी घातली. बाहेरून कुणाला दिसायची नाही. आठवड्याभरात ड्रायव्हर तसाच मोजा घालणाऱ्या आणखी दोघांना घेऊन आला. तिघंही एकमेकांच्या पोटऱ्या बघत दुकानात तासभर खिदळत बसले.

पुढच्या तपासणीला मास्तरांनी डॉक्टरांपुढे वही ठेवली: महिनाभराची पोटरीची मापं, सकाळ-संध्याकाळ, पाव इंचापर्यंत. डॉक्टर म्हणाले, "हे दुखणं पूर्ण जाणार नाही, मोजा सुटणार नाही. पण सूज निम्म्यावर आलीय. आता एका जागी फार वेळ उभे राहू नका. रोज चाला."

तेव्हापासून दुकान बंद केलं की नवराबायको फिरायला निघतात. वाटेत एक नवं टेलरिंगचं दुकान लागतं. काचेतल्या पुतळ्याच्या शर्टची कॉलर एका बाजूला कललेली दिसली की मास्तरांचे पाय आपोआप थांबतात.

"बघ, बघ कशी बसवलीय!"

बायको त्यांचा दंड धरून पुढे ओढते. "थांबायचं नाही सांगितलंय ना? चालता चालता नावं ठेवा."