तळाचं पाणी

गाळ टाकायचा तो ओहोटीतच, हा सारंगांचा नियम अख्ख्या बंदराला पाठ होता. तीस वर्षं त्यांनी सारंग म्हणून गाळ उपसणारी बोट चालवली. धक्क्याजवळचा गाळ काढायचा आणि नदीच्या मुखाबाहेर नेऊन सोडायचा. भरती असली तर नांगर टाकून तीन-तीन तास बसायचं. खलाशी मनातल्या मनात चरफडत, पण सारंगांपुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. ओहोटीत सोडलेला गाळ समुद्र नेतो, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास.

तरी धक्का दरवर्षी भरायचाच. उतारूंची बोट चिखलात रुतून बसायची, आणि सारंग पुन्हा उपसायला हजर.

आता ते निवृत्त होते आणि त्यांची मुलगी त्याच बंदराच्या मोजणी विभागात होती. सोमवारी तिला साहेबांपुढे अहवाल ठेवायचा होता: मुखाबाहेर टाकलेला गाळ परत येतो, जागा बदला. म्हणजे बापाचा जन्मभराचा घाम पाण्यात. हे त्यांना सांगायचं कसं? जेवताना तिने तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा मीठ मागितलं. आई शेवटी म्हणाली, "अगं, भाजीत मीठ घालतेस की मिठात भाजी?"

शनिवारी ती बाबांना सरळ मोजणीच्या बोटीवरच घेऊन गेली. नदीच्या मुखाशी ओहोटी संपत आली होती. तिने दोन तरंगते गोळे बाहेर काढले. एक नुसता. दुसऱ्याला लांब दोरी आणि दोरीच्या टोकाला फुलीसारखे जोडलेले पत्रे, ते तळाच्या जरा वर लोंबणार. पत्रे जिकडे ढकलले जातील तिकडे गोळा जाणार. दोन्ही एकदमच सोडले.

पहिला लगेच समुद्राकडे निघाला. "बघ, ओहोटी!" सारंग खुशीत म्हणाले.

दुसरा रुसल्यासारखा जागच्या जागी थांबला. मग हळूहळू, वरच्या पाण्याला कापत, उलटा नदीत शिरू लागला.

सारंग उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"त्याला कोण ओढतंय?"

"तळाचं पाणी, बाबा. नदीचं गोडं पाणी हलकं, ते वरून निघून जातं. समुद्राचं खारं जड, ते खालून आत येतं. वर अजून ओहोटी असते, तेव्हा तळाशी भरती लागलेली असते. आणि गाळ तर तळाशीच जातो."

तिने तळातून बाटलीभर पाणी काढलं. त्यांनी बोट बुडवून चाखलं. खारट! वरचं पाणी चाखलं, तर जवळजवळ गोडं.

"म्हणजे मी टाकलेला..."

रात्रभर घोकलेली वाक्यं ऐन वेळी दगा देऊन गेली. "परत यायचा, बाबा. सगळा नाही. पण बराचसा."

त्यांनी तळाच्या पाण्याची बाटली उचलून उन्हात धरली.

"काय नदी आहे गं ही!" ते एकदम म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, निव्वळ कौतुक होतं. "एका अंगाने जाते, एका अंगाने येते, आणि मी तिच्या डोक्यावर बसून घड्याळ बघतोय! सोड, सोड पुन्हा एकदा."

तिने दोन्ही गोळे परत आणून पुन्हा सोडले. लहान मुलासारखे ते कठड्यावर ओणवे होऊन बघत राहिले.

परतताना त्यांनी विचारलं, "अहवालात माझं नाव घातलंयस?"

"नाही. 'पूर्वीची पद्धत' असं लिहिलंय."

"ते खोड. लिही, की सारंगाला विचारलं, आणि त्यालाही हे ठाऊक नव्हतं. नाहीतर साहेब म्हणतील, जुन्या माणसांना विचारून या. ती माझंच तुणतुणं वाजवणार. शिकवलंय मीच त्यांना."

तिचे डोळे भरून आले. "बाबा, लोक हसतील तुम्हाला."

"हसू देत," सारंग म्हणाले. "धक्का तर मोकळा राहील."