सांधे नसलेला शब्द

आमच्या बेटाच्या भाषेत आजारांची नावंच चहाडखोर असतात. इतर देशांत म्हणे डॉक्टर ग्रीक-लॅटिनमधलं काहीतरी लांबलचक बोलतात आणि पेशंटला निदान घरी पोहोचेपर्यंत तरी काही कळत नाही. आमच्याकडे परक्या शब्दाला कुणी उंबऱ्याच्या आत घेत नाही. नवं काही आलं की घरातलेच दोन जुने शब्द एकमेकांना बांधायचे आणि त्याला नाव द्यायचं. पेंग्विन म्हणजे चरबीहंस, कासव म्हणजे ढालपाठी, सुईण म्हणजे उजेडआई. पोरं शाळेत जायच्या आधीच शब्द मोडून आत काय आहे ते बघायला शिकतात.

माझ्या लेकीला, एयदीसला, हे शिकवलं तिच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. ती "म्हणजे काय?" विचारायची आणि ते म्हणायचे, "मला काय विचारतेस? फोड की!" मग ती भुवया आवळून फोडत बसायची. सात वर्षांची होईपर्यंत तिला न फुटणारे शब्द फारच थोडे उरले होते.

म्हणून वसंतात राजधानीच्या, रेक्याविकच्या इस्पितळात डॉक्टर सिग्नीनं निदान सांगितलं तेव्हा मी आधी दाराकडे पाहिलं. एयदीस बाहेर नर्सबरोबर ठोकळे रचत होती. मी जीवशास्त्र शिकले आहे. त्यामुळे सिग्नी पुढे काय सांगणार हे मला तिच्या आधीच कळत होतं.

"औषध?" माझ्या नवऱ्यानं, त्रॉस्तीनं, विचारलं.

"या प्रकारावर नाही. व्यायाम, आधाराचे पट्टे, पुढे खुर्ची. वेग प्रत्येकाचा वेगळा असतो."

मी म्हटलं, "तिच्यासमोर आपल्या भाषेतलं नाव घेऊ नका. परकं घ्या."

"सातच वर्षांची आहे ती."

"म्हणूनच. ऐकल्या ऐकल्या फोडेल."

सिग्नीनं मान हलवली. तेव्हापासून आमच्या घरात एयदीसला 'डिस्ट्रोफी' होती. तिच्यासाठी हा शब्द म्हणजे गुळगुळीत गोटा होता, नख घालायला फट नाही. मला काही फार नको होतं. तिनं अजून एखादं-दोन वर्षं, पायात जरा कमी जोर असलेली मुलगी म्हणून हुंदडावं, बस. आमच्या गावात, हफ्नमध्ये, ज्यांना सांगणं भाग होतं त्यांनाच सांगितलं. शाळेतही फक्त मुख्याध्यापिकेला.

जेवताना आजोबांची कुचंबणा व्हायची. आयुष्यभर परक्या शब्दांवर दात ओठ खाल्लेला माणूस. एकदा मी कोकराचं सूप वाढताना तो शब्द बोलले आणि त्यांनी चमचाच खाली ठेवला.

"तोंडात खडे भरल्यासारखं काय बोलता गं घरात!"

"आजोबा, आपला शब्द काय आहे त्याला?" एयदीसनं लगेच पकडलं.

आजोबा माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे. त्रॉस्ती म्हणाला, "अजून बनला नाही, पिल्ला. नवा आजार आहे."

"मग बनवा ना कुणीतरी!"

"सूप पी, गार होतंय," आजोबा म्हणाले, आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा न घेताच उठले.

मी मात्र तिच्याकडे बघत राहायची. जमिनीवरून उठताना ती हात गुडघ्यांवर ठेवते, मग मांडीवर, जणू स्वतःच्याच अंगावर चढते आहे. उन्हाळ्यात ती असं कधीमधी उठायची. पानगळीपर्यंत रोजच तसं उठायला लागली. विचारलं तर म्हणायची, "माझी पद्धत आहे ही."

नोव्हेंबरात भाषादिन येतो. त्या दिवशी दुसरीतल्या प्रत्येक मुलानं एक परका शब्द आणायचा आणि त्याला आपला शब्द घडवून सगळ्यांसमोर सांगायचा, अशी शाळेची रीत आहे. मी तिला सुचवलं, पिझ्झा घे. ती म्हणाली, "पिझ्झा सहा जणांनी घेतलाय. माझा गुपित आहे." मला वाटलं, मांजराचं काहीतरी असेल.

दुपारी चारला बाहेर अंधारून आलं होतं. हॉलमध्ये ओल्या कोटांचा वास, कॉफी आणि क्लाइनूर, आमच्या तळलेल्या गोड पिळाच्या पुऱ्या. एका मुलानं पिझ्झाला 'चीजचाक' म्हटलं आणि आयाबाया हसल्या. एयदीस भिंतीला हात लावत पुढे गेली. मी तिच्या पावलांकडे बघत होते, ती पायरीवर अडखळू नये एवढीच काळजी.

"माझा परका शब्द आहे डिस्ट्रोफी," ती म्हणाली. "तो मला झालाय."

त्रॉस्तीचा हात माझ्या मनगटावर आला.

"तो फुटतच नाही. आजोबांनाही येत नाही. म्हणून मी शब्द सोडून दिला आणि तो काय करतो ते बघितलं." तिनं पाय जरा पुढे केला. "तो स्नायूंत असतो. मोजे आधी पोटरीला घट्ट बसायचे, आता घसरतात. शाळेच्या सहलीत आम्ही हिमनदीपाशी गेलो होतो. तिथे दरवर्षी एक खांब रोवतात, आधी बर्फ कुठपर्यंत होता ते कळायला. आता बर्फ खांबांच्या खूप मागे गेलाय. त्याला हिमझीज म्हणतात. तर माझा शब्द आहे, स्नायूझीज."

टाळ्या पडल्या. सगळ्यांच्या नाही. पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी कप खाली ठेवले. पण तिची वर्गशिक्षिका, स्वानहिल्डुर, तरुण, याच वर्षी आलेली, तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. ती हरखून गेली.

"एयदीस! अगं, हा शब्द आहेच! खराखुरा, शब्दकोशातला! तू एकटीनं शोधून काढलास!"

एयदीस हसली नाही. तिनं माणसांतून मला शोधलं आणि नीट बघितलं, आजोबा शिकवायचे तशा भुवया आवळून. मी चेहरा सावरायचा प्रयत्न केला. तो सावरायला निघाला हेच तिला दिसलं असणार.

गाडीत ती मागे बसली. त्रॉस्ती आजोबांना हात धरून आणत होता. बर्फावर त्यांचं दोघांचंही पाऊल धड पडत नव्हतं. मी गाडी सुरू केली, हीटर लावला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"बाबाला?"

"हो."

"आणि आजोबांना पण? सिग्नीला? म्हणजे शेवटची मीच." थोडा वेळ ती काचेवर बोट फिरवत राहिली. "हिमनदी परत पुढे येते का गं?"

"आपली नाही येत."

"मग हातांचं पण होणार?"

मी आरशात बघितलं. खोटं बोलायची माझी तयारी होती, सगळी वाक्यं पाठ होती. पण ती आता कुठलंही वाक्य फोडणार होती.

"हळूहळू," मी म्हटलं.

"जेवायचे हात?"

"हो."

मग तिनं सीटबेल्ट लावला. मला वाटलं, आजच्यापुरतं संपलं. तेवढ्यात मागच्या गाडीनं दिवे मारले. कुणा मुलाचा बाप उतरून आला आणि माझ्या काचेवर टकटक केली. निघताय ना, त्याची गाडी आमच्यामागे अडकली होती. मी काच खाली केली.

"वा, पोरी!" तो मागे वाकून म्हणाला. "सगळ्यांत भारी शब्द तुझाच होता."

"धन्यवाद," एयदीस म्हणाली. शहाण्या मुलीसारखी.

तो गेला. मी गाडी जरा पुढे घ्यायला गिअर टाकला, आणि मागून तिचा आवाज आला. फोडताना लागतो तसा, सावकाश, एकेक तुकडा वेगळा ठेवणारा.

"आई. हृदयस्नायू म्हणतात ना? सिग्नीच्या भिंतीवरच्या चित्रात लिहिलंय."

मी पाय ब्रेकवरून काढला नाही.

"त्यातही स्नायू आहे."

तो माणूस पुन्हा दिवे मारत होता. त्रॉस्तीनं दार उघडलं आणि थंडी आत आली. आजोबा बसता बसता म्हणाले, "काय गं, एवढी गप्प का? काय चाललंय?"

"काही नाही," एयदीस म्हणाली. "फुटला."