वजडीवाल्याचं गाणं

थेल्मा फेअरक्लॉला पोराच्या रेकॉर्डींचा तिटकारा होता, आणि तो तिनं कधी कुणापासून लपवला नाही. शेजारणीनं विचारलं की ती सांगायची, "अमेरिकेत कुणा गरिबाच्या लेकरानं एक गाणं म्हटलं. त्याच्या गावात ते कुणी घेतलं नाही. त्याच्या आईनंसुद्धा घेतलं नसेल. मग ते गोदामात कुजलं. आणि आता आमचा क्लिफर्ड ते उशाशी घेऊन झोपतो."

क्लिफर्डच्या नाचणाऱ्या मंडळींत गाणं जितकं आपटलेलं तितकं भारी. चाललेलं, रेडिओवर वाजलेलं गाणं कुणी लावलं तर ती पोरं नाक मुरडायची, जणू कुणी मोजे न धुता आत आलंय. थेल्माच्या मते हे सगळे एकजात रिकामटेकडे होते. परकराएवढ्या घेराच्या विजारी घालायच्या, लाकडी जमिनीवर पाय घसरावा म्हणून अंगाला लावायची पावडर ओतायची, आणि भोवऱ्यासारखं फिरून पाठीवर पडायचं. हे नाचणं! तिच्या तरुणपणी पुरुष पडायचा तो दारू पिऊन, आणि त्याची निदान त्याला लाज वाटायची.

क्लिफर्ड तिशीचा, बस डेपोत इंजिनं दुरुस्त करायचा. नखांतलं काळं जात नव्हतं, लग्नाचं नाव नव्हतं. पण त्याच्याकडे एक रेकॉर्ड होती जी सगळ्या इंग्लंडात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. अशी रेकॉर्ड सापडली की तिच्या नावावर कागद चिकटवायचा आणि नाचाला लावताना माइकवरून भलतंच नाव सांगायचं, अशी त्यांची रीत. म्हणजे दुसऱ्यांना शोधता येऊ नये. क्लिफर्डनं 'द व्हेल्वेट ज्युरी' असं काहीतरी नाव ठोकून दिलं होतं. ज्या दिवशी कुणी उभं राहून खरं नाव बोलेल, त्या दिवशी खेळ खलास. नाव फुटलं की महिन्याभरात जो तो ती रेकॉर्ड काखेत मारून फिरणार.

नाव फुटायला त्या आठवड्यासारखा वाईट आठवडा नव्हता. विणकरांच्या क्लबात रविवारी दुपारभर नाच ठेवला होता आणि सेक्रेटरी विल्फ ऑग्डन म्हणाला होता, की ज्याची रेकॉर्ड लोकांना उचलेल त्याला रेकॉर्डी वाजवायला वर्षभराचे सगळे रविवार. एका बाजूला क्लिफर्ड, दुसऱ्या बाजूला नॉटिंगहॅमचा नेव्हिल स्प्रेक. नेव्हिलकडे व्हॅन होती, पेट्या भरून रेकॉर्डी होत्या, केसांना तेल होतं. क्लिफर्डकडे कागद चिकटवलेली ती एक.

"मिळाले नाहीत रविवार तर?" थेल्मानं विचारलं होतं.

"तर काय, डेपो आहेच," क्लिफर्ड म्हणाला आणि ताटातलं तसंच टाकून उठला. थेल्माच्या घरात अन्न टाकून कुणी उठत नसे. तिनं ते लक्षात ठेवलं.

गुरुवारी दुपारी क्लिफर्ड कामावर असताना नेव्हिल दारात उभा राहिला. हातात चॉकलेटचा डबा. पाय न पुसता आत आला.

"मावशी, कशा आहात?"

"माझी बहीण वारली तिला मूल नव्हतं. तू कोण?"

तो हसला. थेल्माच्या खुर्चीत बसला. क्लिफर्ड कसा गुणी, आपण कसे जिवाभावाचे दोस्त, हे त्यानं ऐकवलं. मग हळूच मुद्द्यावर आला. ती रेकॉर्ड घरातच असेल ना? तिच्यावरच्या कागदाचा कोपरा जरासा उचलून खाली काय लिहिलंय ते सांगितलं तर क्लिफर्डला काही कळणारही नाही.

"आणि तुला कशाला हवं ते?"

"कुतूहल हो. रेकॉर्डींच्या सगळ्या धंद्यानं शोध घेतलाय तिचा." मग तो जरा थांबला, तिच्या हातांकडे पाहिलं, आणि मवाळ आवाजात म्हणाला, "तुम्हाला वाचता येतं ना, मावशी? नसेल येत तर नुसती अक्षरं सांगा. मी लावून घेईन."

थेल्मा बाराव्या वर्षी अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस गिरणी अशी कामाला लागली होती. पुढं शाळा सुटली ती सुटलीच. वाचायला तिला वेळ लागायचा हे खरं. पण ते तिला तिच्याच खुर्चीत बसून, चिखलाचे पाय घेऊन, तेलकट डोक्याच्या माणसानं सांगावं?

"बस," ती म्हणाली. "बघून येते."

रेकॉर्ड बैठकीच्या खोलीत होती, चांगल्या बशांच्या कपाटात. थेल्मा तिकडं गेलीच नाही. ती स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर रात्रीच्या जेवणाची वजडी पुडक्यात पडली होती. गावात वजडी एकाच दुकानातून यायची, आणि पुडक्याच्या कागदावर दुकानदाराचं नाव, खाली रस्ता, आणि आतल्या मालाचा शिक्का. गाईच्या पोटाचा जो भाग पोळ्यासारखा खड्ड्याखड्ड्यांचा असतो त्याला तिकडं मधपोळंच म्हणतात. आख्खा गाव तो कांदा आणि व्हिनेगर घालून खातो.

या लोकांची नावं तिनं पुष्कळ ऐकली होती. क्लिफर्डचे दोस्त चहा पिताना कुठल्यातरी अनोळखी गाणाऱ्याचं आणि कुठल्यातरी मेलेल्या कंपनीचं नाव असं घ्यायचे जसं देवळात घ्यावं. कितीही खुळचट असो, ऐकलेलं नसलं की झालं.

ती परत आली आणि एक एक अक्षर सांगितलं. मध्ये मध्ये अडखळली. नेव्हिलनं सिगारेटच्या पाकिटावर उतरवलं. गाणारा : एमस व्हिकरी. गाणं : मधपोळं. कंपनी : ब्रिज स्ट्रीट.

"ब्रिज स्ट्रीट," तो पुटपुटला. डोळे पाणावले होते त्याचे. "कधी ऐकलीच नाही."

"मग असेलच काहीतरी भारी," थेल्मा म्हणाली, आणि चॉकलेटचा डबा ठेवून घेतला.

नेव्हिलनं चौकशी केली असणार. लंडनला फोन केले असणार, याद्या धुंडाळल्या असणार. कुणालाच एमस व्हिकरी माहीत नव्हता. दुसरा कुणी असता तर त्याला शंका आली असती. पण या जातीच्या माणसाला कुणालाच माहीत नाही म्हटल्यावर खात्रीच पटते.

रविवारी क्लबाचा हॉल भरून गेला. क्लबातला चहा आणि झाडलोट थेल्माकडं होती; ती नेहमीप्रमाणं चहाच्या खिडकीशी उभी होती. खिमा भरलेल्या पेस्ट्र्या आणि वाटाणे, चहाची मोठी किटली, आणि समोर तिच्याच हातानं आदल्या दिवशी घासलेली जमीन पावडरीनं पांढरी.

आधी नेव्हिलची पाळी होती. त्यानं चांगलं वाजवलं. नाच रंगला होता आणि क्लिफर्ड स्टेजच्या पायरीशी ती एक रेकॉर्ड छातीशी धरून उभा होता, चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा. शेवटचं गाणं संपलं तरी नेव्हिलनं माइक सोडला नाही.

"मंडळी, आता आपला क्लिफर्ड तुम्हाला त्याची 'व्हेल्वेट ज्युरी' ऐकवेल. पण लोकांना खरं कळायला नको का? आज कागद निघतोय!"

क्लिफर्डनं डोळे मिटले.

"एमस व्हिकरी!" नेव्हिल ओरडला. "गाणं, मधपोळं! ब्रिज स्ट्रीट कंपनी, डेट्रॉइट!" अमेरिकेतलं ते गाव त्यानं पदरचं जोडलं.

मग पुढच्या रांगेतून गोल फिरणाऱ्या घागऱ्यातली एक मुलगी म्हणाली, "काय? आमचे बाबा?"

ती जोसी व्हिकरी. ब्रिज स्ट्रीटवरच्या बापाच्या दुकानात शनिवारी वजडी तीच कापायची.

"बाबा गातात?" ती मागं वळून सगळ्यांना विचारू लागली. "ते तर नुसते घोरतात!"

मग जे सुटलं ते आवरेना. "डेट्रॉइट कसलं, बस डेपोच्या पलीकडं आहे ते!" "नेव्हिल, बरोबर कांदे देतात का?" "दुसऱ्या बाजूला काय आहे, डुकराचे पाय?" एक जाडा पोरगा हसता हसता पावडरीवर घसरून बसला आणि उठेचना. नेव्हिल माइकवर सांगतच होता की त्याची माहिती पक्की आहे, विश्वासातल्या माणसाची आहे. जितकं सांगे तितकं हसू वाढे. विल्फ ऑग्डननं त्याच्या हातातून माइक काढून घेतला तेव्हा विल्फच्याही डोळ्यांत पाणी होतं.

"लाव रे, क्लिफर्ड," कुणी ओरडलं. "लाव वजडीवाल्याचं!"

क्लिफर्डनं लावलं. सुई जरा घसरली, पण लागलं.

थेल्मानं हे गाणं भिंतीतून शंभरदा ऐकलं होतं आणि शंभरदा भिंत ठोकली होती. आज खिडकीशी लोक नव्हते, सगळे नाचत होते. तो माणूस कुणाच्यातरी दाराशी उभा राहून विनवत होता, आणि दार काही उघडत नव्हतं. आवाज चांगला होता. रडका, पण चांगला. ही माकडं त्यावर पाठीवर पडत होती.

रविवार क्लिफर्डला मिळाले. हॉल रिकामा झाल्यावर तो चहाच्या खिडकीशी आला आणि कपाकडं बघत उभा राहिला.

"आई, त्याला तूच सांगितलंस."

"मी कोण सांगणार? मला वाचता येतं का?"

"नेव्हिल आला होता ना घरी?"

"आला होता. पाय पुसत नाही तो."

क्लिफर्ड हसला, मग गंभीर झाला. इकडंतिकडं पाहून खिडकीतून आत वाकला. "कुणाला सांगितलेलं नाही मी. तुला सांगतो खरं नाव. कान इकडं कर."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"किटली ठेवली होती शेजारी, वाफेनं सुटला तुझा तो कागद. नाताळाआधी. पिठाची खळ करून परत कुणी चिकटवला, तुला वाटतं?"

क्लिफर्डचा रंग पुन्हा उडाला. "वाचलंस तू?"

"वेळ लागला. पण वाचलं."

"मग कुणाला... एवढे दिवस..."

"मला दुसरे उद्योग नाहीत?" थेल्मानं कप उपडा केला. "आणि एक ऐक. चांगलं नाव आहे त्याचं. आईबापानं विचार करून ठेवलेलं. त्यानं जीव तोडून गायचं, आणि तुम्ही शहाण्यांनी त्याच्या नावावर कागद चिकटवायचा. गावभर त्याला आता वजडीवाला म्हणतील, ते माझ्यामुळं. पण आधी तुझ्यामुळं."

क्लिफर्ड रेकॉर्डकडं पाहत राहिला. अंगठ्यानं त्यानं कागदाचा कोपरा चाचपला. खळ घट्ट होती.

"पुढच्या रविवारी..." तो म्हणाला आणि थांबला.

"पुढच्या रविवारचं पुढच्या रविवारी." तिनं खिडकीतून झाडू त्याच्या हातात दिला. "आधी ती पावडर काढ. कोपऱ्यांतली पण."