जॅमचं बटण

मी चष्मेवाला. दिवसभर लोकांच्या काचांवरचे बोटांचे ठसे पुसायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्याच घरातले बघत बसायचं, हा काही न्याय नाही. त्यात आमच्याकडे गेमचे तीन कंट्रोलर. हातात घेतला तर हात परत सुटेल की नाही, याची खात्री नसायची.

म्हणून रविवारची सकाळ माझी. जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरायचा, दुकानातले बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढायचे आणि पाठीमागचे स्क्रू बाटलीच्या झाकणात जमा करायचे. कवच उघडलं की आत बिस्किटांचा भुगा, केस, एकदा तर चक्क अर्धं नख. बटणं कोमट साबणाच्या पाण्यात टाकायची. आतल्या हिरव्या सर्किटच्या पट्टीला पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही, तिला फक्त स्पिरिटमध्ये बुडवलेली कापसाची काडी. फटींतला काळा मळ दात कोरायच्या काडीने काढायचा, आणि तो निघताना जे सुख होतं ते बायकोला आजवर कळलेलं नाही.

"माझ्याकडे कधी इतकं निरखून बघितलंस का," ती म्हणते.

"तुझ्यावर मळ साचत नाही ना," मी म्हणतो. त्या दिवशीची भांडी मग माझ्याकडे येतात.

दोन कंट्रोलर आठवडाभर बरे राहायचे. तिसरा, निळा, मात्र कुत्र्याचं शेपूट. रविवारी लख्ख केला की बुधवारपर्यंत गाडी पळवायचं बटण पुन्हा घट्ट. आत बघावं तर जॅम. मी घर डोक्यावर घेतलं. दोन्ही कार्ट्यांना उभं करून हात तपासले, शपथा घ्यायला लावल्या, शेवटी घरात जॅमबंदी जाहीर केली. पोरं रडली. आपण नाही, आपण नाही, म्हणत राहिली. चोर कधी कबूल करतो का, असं मी सासूबाईंना म्हटलं. त्या सोफ्यावर निळा कंट्रोलर घेऊन बसल्या होत्या. "लहान आहेत हो," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या वळणावर एक ट्रक उडवला.

सासूबाई आमच्याकडे आल्या त्या मनगट मोडून. आयुष्य पोस्टात ठप्पे मारण्यात गेलेली बाई, आणि प्लॅस्टर निघाल्यावर अंगठ्यात पेन धरायचीही ताकद नाही. त्यांना एकच ध्यास होता, आपल्या घरी परत जायचं. बायकोची एकच अट होती. "आई, तुझ्या दाराचं ते कुलूप तू स्वतः, एका हाताने उघडून दाखव. मग खुशाल जा." ते कुलूप मला माहीत होतं. धडधाकट माणसाला घाम फोडणारं. सासूबाईंचा अंगठा पाहता ती अट म्हणजे नकारच होता, आणि तो त्यांनाही कळला होता. फिजिओथेरपीवालीने पिळायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी पहिल्याच दिवशी पोरांना देऊन टाकला. दिवसभर गाड्या पळवत बसायच्या. मला वाटलं, हरल्या बिचाऱ्या.

एका दुपारी मी डबा विसरलो म्हणून घरी आलो. घर शांत. सासूबाई स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या. एका हातात निळा कंट्रोलर, दुसऱ्यात दात कोरायची काडी, माझीच. समोर जॅमची बरणी उघडी. काडीच्या टोकावर जॅम घेऊन त्या बटणाच्या फटीत अगदी बेताने भरत होत्या. मीही इतक्या हलक्या हाताने कधी काम केलेलं नाही.

"आई," मी म्हटलं.

त्या दचकल्या नाहीत. काम पुरं केलं, काडी टाकली, मगच वळल्या.

"तो चेंडू पिळायला लागले की मी आजारी वाटते, जावईबापू. गाडी पळवताना नाही वाटत. पण तुमचं बटण फार मऊ. मग ते जरा अवघड करून घेते." मग थोड्या चिडूनच म्हणाल्या, "आणि तुम्ही दर रविवारी माझी सगळी मेहनत धुऊन टाकता."

डबा तसाच ठेवून मी दुकानात परत गेलो, आणि एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा चढवला.

खरं सांगायचं तर त्या आल्या तेव्हा माझ्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. आता रविवारी माझ्या समोर बसून, झाकणातला एकेक स्क्रू मला त्याच देत. त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. निळ्याचं बटण स्वच्छ धुतलं की झालं, अंगठा आहे तिथेच राहणार, आणि सासूबाई आमच्याकडे. कोणी मला बोल लावला नसता. पुढच्या रविवारी मी दोन कंट्रोलर लख्ख केले आणि निळा न उघडताच बाजूला ठेवला. फार जिवावर आलं. जॅमबंदीही उठवली, कारण न सांगता.

"तब्येत बरी आहे ना तुझी," बायकोने विचारलं.

मग एके दिवशी आम्ही सगळे त्या दारापुढे उभे राहिलो. कुलपात तेल सोडू का, असं मी आधी विचारलं होतं. "हात लावलात तर बघा," असं उत्तर मिळालं होतं. सासूबाईंनी किल्ली घातली. पहिल्यांदा हलली नाही. बायकोने माझा दंड धरला. मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं. मग त्यांनी अंगठा नीट टेकवला, ओठ मिटले आणि कुलूप कटकन उघडलं. बायको रडायला लागली. सासूबाई आत जाऊन खिडक्या उघडायला लागल्या.

पोरांनी जुना गेम आणि निळा कंट्रोलर आजीला देऊन टाकला, नवा मिळेल या आशेने. आमच्या घरी सगळं कसं स्वच्छ राहू लागलं. रविवारी टॉवेल अंथरायचो, पण स्क्रू कोणाच्या हातात द्यायचे, हा प्रश्न होता. करमेना.

एका रविवारी सकाळीच फोन आला. "जावईबापू, बटण अडकतंय."

मी स्क्रू-ड्रायव्हरची डबी घेऊन गेलो. त्यांच्या टेबलावर टॉवेल आधीच अंथरलेला, शेजारी बाटलीचं झाकण. निळा उघडला तर फटीत जॅम, आणि तोही ताजा, अजून सुकलेलासुद्धा नाही. मी वर पाहिलं. सासूबाई माझ्यासाठी पावाला जॅम लावायला नवी बरणी उघडत होत्या. एका पिळात उघडली. त्या अंगठ्याला आता कसल्याही बटणाची गरज राहिली नव्हती.

मी बटण कोमट पाण्यात टाकलं, काडी घेतली आणि फटी साफ करायला लागलो. त्या समोर येऊन बसल्या आणि झाकण हातात घेतलं.

"हे पुढच्या रविवारीही बघावं लागेल, आई," मी म्हटलं.

"लागेलच," त्या म्हणाल्या आणि मला पहिला स्क्रू दिला.