चौथी बाग

जेसीबी बांधावर येऊन उभा राहिला, तेव्हा कुशाबाई सीताफळाच्या पहिल्या झाडाखाली फतकल मारून बसली होती. पुढ्यात हळदीकुंकू होतं, तांब्या होता, नारळ होता. पण तिचा हात काही हलत नव्हता.

बाग काढायची तर आधी घरच्या बाईनं पहिल्या झाडाला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि मगच यंत्र घालायचं, अशी त्या वस्तीवरची रीत. ड्रायव्हर दीपक या बाबतीत नवऱ्यामुलाच्या मामापेक्षा कडक. एकदा बिनपूजेची चिंच उपटली नि यंत्राचा पाइप फुटला, हे तो येईल त्याला ऐकवायचा.

"अगं, ऊठ की!" तिचा नवरा रामहरी खेकसला. "मानूस खोळंबलाय."

"खोळंबू द्या."

ही रीत कुशाबाईनं आजवर तीनदा निमूटपणे पाळली होती. वडगाव निंबाळकरची ही लेक लग्न होऊन इंदापूरच्या अंगाला आली, तेव्हा सासरी द्राक्षाचे मांडव होते. शेजारच्या महिपतीनं डाळिंब लावलं आणि रामहरीची झोप उडाली. द्राक्षं गेली, डाळिंब आलं. महिपतीनं डाळिंब काढून पेरू लावला, की ह्याचंही डाळिंब जाऊन पेरू आला. झाड ऐन भरात आलं की याच्या अंगात यायचं. बरं, रोपांना पाणी घालायला, फांद्या छाटायला, फळांना पिशव्या बांधायला कुशाबाई. आणि उपटायच्या दिवशी कुंकू लावायलाही कुशाबाईच!

देशात कायमच्या फळबागा किती वाढल्या नि किती घटल्या, याचे म्हणे सरकार आकडे काढतं. टीव्हीवर तो 'कायमच्या' शब्द ऐकून ती भाकरी थापता थापता हसली होती. सरकारनं एकदा रामहरीचं रान बघून जावं, शब्द तरी बदलतील.

पेरू काढून महिपती उसाकडे वळला, तसा रामहरीनंही पेरू उपटला, पण ऊस लावताना मात्र त्याचा नाइलाज झाला. विहिरीला तेवढं पाणीच नव्हतं. कुशाबाईनं संधी साधली आणि हट्टानं सीताफळ लावून घेतलं. चार बागांतली ही एकच तिच्या मनाची. बारामतीच्या शिबिरात शिकून आली तशी ती रोज सकाळी ब्रश घेऊन एका फुलातले पराग दुसऱ्या फुलाला लावायची. मान अवघडायची, डोळ्यांना पाणी यायचं. पण यंदा पहिल्यांदाच फांदीफांदीला लिंबाएवढी फळं धरली होती. आणि नेमकी यंदाच कालव्यावरून पाइपलाइन आली. लगेच रामहरीला उसाची स्वप्नं पडायला लागली.

"फळ धरलंय हो," ती आठ दिवस सांगत होती. "दिवाळीपत्तूर तरी थांबा."

"तुला काय कळतंय त्यातलं? समदं गाव उसाकडं चाललंय."

म्हणून आज ती बसली होती. तिला रागानं रडूच येत होतं, पण रडली असती तर रामहरीनं तेवढ्यात नारळ उचलला असता.

तेवढ्यात त्यानं तो उचललाच. "म्या फोडतो! दीपक, चालू कर."

"न्हाय आबा," दीपक खिडकीतून म्हणाला. "मावशींनीच फोडाय पायजे. पाइप लई म्हाग हाय."

रामहरी तोंड उघडणार, इतक्यात बांधावरून मोटारसायकलचा आवाज आला. महिपती होता. यंत्र बघून त्यानं गाडी तशीच आडवी लावली.

"रामहरीराव, काय खूळ लागलंय का तुमाला? भरली बाग काढताय?"

"ऊस लावतोय. तुमचा हाय की!"

"माझा काढून टाकतोय! मी रोपवाटिकेत चाललोय, सीताफळाची रोपं सांगायला. तुमची फळं बांधावरनं बघितली नि आमच्या कारभारनीनं, छबूनं, डोकं खाल्लं. म्हटलं, ती म्हनतीया तर लावून बघू."

रामहरीनं एकदा महिपतीकडे पाहिलं, एकदा झाडांकडे. मग शांतपणे नारळ खाली ठेवला. "दीपक, यंत्र माघारी घे. बाग ऱ्हाऊ दे. म्हैपतराव म्हनत्यात त्यात तथ्य हाय."

दीपक पुटपुटत यंत्र वळवायला लागला. कुशाबाई उठली. बाग वाचली होती, तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आठ दिवस तिनं घसा कोरडा केला, तो काय वाऱ्याला ऐकवायला?

"बघ, राखली का न्हाय बाग?" रामहरी तिला म्हणाला. "उगं बसून ऱ्हायली व्हतीस."

तिनं नारळ उचलला, त्याला हळदकुंकू लावलं आणि महिपतीच्या हातात ठेवला.

"ह्यो छबूला द्या. बाग तिनं राखली. आमच्या घरात माझं बोलनं कुनाला ऐकू येत न्हाय. तिला म्हनावं, हितनं पुढं मला काय सांगायचं असलं की मी तिलाच येऊन सांगीन. ती तुमाला सांगंल, तुमी ह्यांना सांगा."

महिपती खो खो हसला. तो हसला म्हणून रामहरीही हसला.